शेगडीवाल्याचा गुलाब

फूल पूर्ण उमललं होतं, सकाळची वेळ होती, वारा पडलेला होता, आणि वास येत नव्हता.

मिस्त्रीने आधी नाक जवळ नेलं. मग पाकळ्यांत खुपसलं. मग नळावर जाऊन नाक शिंकरलं, तोंड धुतलं, बाहीला पुसलं आणि पुन्हा एकदा खुपसलं. ओल्या मातीचा वास आला, पाल्याचा आला, मिशीला राहिलेल्या साबणाचाही आला. गुलाबाचा तेवढा आला नाही. त्याने मागे वळून पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. नजरानजर होताच ती आत सरकली.

मिस्त्री घाबरला. एका फुलाला वास येईना म्हणून छप्पन्न वर्षांच्या बाप्याने एवढं घाबरायचं काय कारण, असं कुणीही विचारेल. कारण होतं. सात वर्षांपूर्वी याच झाडापाशी, अशाच एका सकाळी, त्याची आई अशीच वाकली होती आणि कंबर सरळ करत म्हणाली होती, "हे कागदाचं आहे का रे?" तेव्हा सगळे हसले होते. तिथून जे सुरू झालं ते तीन वर्षांनी तिला घेऊनच थांबलं.

मिस्त्री गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. अंगणात पत्र्याखाली एक बाकडं, त्यावर पाने, पकडी, काळे पडलेले बर्नर, आणि सायकलच्या हँडलला अडकवलेली पिशवी, एवढाच त्याचा कारखाना. पण आसपासच्या चार गल्ल्यांत त्याला सगळे 'नाकमिस्त्री' म्हणत. गळती शोधायची रीत सगळ्यांची एकच असते. साबणाचं पाणी करायचं, सांध्यावर फेस लावायचा, बुडबुडा फुगला की तिथे गळतंय. फेस हाही लावायचा, पण गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. त्याआधी तो स्वयंपाकघराच्या फरशीवर चक्क पालथा पडायचा, कारण गॅस जड, तो खाली बसतो. मग सरपटत, हुंगत नेमक्या जागी बोट टेकवायचा आणि बुडबुडा त्या बोटाखालीच निघायचा. कुणी म्हटलं, "आधी साबण लावून बघा ना," तर पिशवी उचलून चालायला लागायलाही त्याने कमी केलं नसतं. त्या एका बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. एरवी माणूस नाकासमोर चालणारा.

गुलाब घरात आला तोही शेगडीच्याच निमित्ताने. नऊ वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक घर सोडून निघालं होतं, त्यांनी कुंडीसकट हातात दिला. "इंग्लिश गुलाब आहे. झुडूप होतं याचं. लाड मात्र फार मागतो," एवढं सांगितलं. मिस्त्रीची बाग म्हणजे फाटक आणि पायरी यांच्या मधली चार पावलं लांब, तीन पावलं रुंद जमीन. आईने नळाशेजारची जागा ठरवली, कारण तिथे सकाळचं ऊन अकरापर्यंत टिकायचं आणि दुपारी भिंतीची सावली यायची. खड्डा तिने खणून घेतला तो गुडघाभर. शेणखत घालून, कलमाचा सांधा चार बोटं मातीखाली जाईल असा गुलाब लावला, आणि दुसऱ्या वर्षी त्याने बहर धरला.

फूल फिकट गुलाबी, वाटीसारखं खोल, आत पाकळ्यांची इतकी दाटी की मोजायला बसणाऱ्याने नाद सोडावा. त्या भाराने देठ वाकायचा, म्हणून फूल कायम मान खाली घालून असायचं. "या घरात मान खाली घालणारं तेवढं एकच आहे," असं मिस्त्रीची बायको म्हणायची. आणि वास? फळांची टोपली आणि चहाचा डबा शेजारी शेजारी उघडे ठेवावेत, आणि त्यांच्यामध्ये जुन्या अत्तराची बाटली लवंडावी, तसा काहीतरी. फाटकाबाहेरून जाणारा माणूस पाऊल मंद करायचा. मिस्त्री रोज कामाला निघताना एकदा हुंगून निघायचा. नाकाला धार लावून घेतो, म्हणायचा.

झाडाचे नियम आईचे. पाणी बुंध्याला घालायचं, पानं भिजवायची नाहीत, भिजली की काळे ठिपके पडतात. वाळलेलं फूल पाच पानांच्या पहिल्या डहाळीपर्यंत खाली कापायचं. थंडी ओसरताना झाड एक तृतीयांश छाटून उतरवायचं, आणि काप द्यायचा तो बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, जरा वर. आणि सगळ्यात मोठा नियम निळ्या बादलीचा. भाज्या धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी दिवसभर त्या बादलीत साठायचं, आणि ऊन उतरलं की बादली गुलाबाला. आत काय आहे ते बघायचं नाही, विचारायचं नाही. निळ्या बादलीतलं ते गुलाबाचं, इतका तो नियम घराच्या हाडीमाशी मुरला होता. आई गेल्यावर बायकोने तो तसाच चालवला.

आईचं नाक आधी गेलं. मग शेगडीवर दूध करपून कोळसा झालं तरी ती शेजारी बसून होती. मग ती दुकानातून घरी यायचा रस्ता विसरली, मग सुनेला, मग शेवटी मुलाला. एका संध्याकाळी मिस्त्री तिच्या खोलीत गेला तर तिने पदर सावरला आणि म्हणाली, "शेगडीवाले ना तुम्ही? स्वयंपाकघर तिकडे आहे." तसं तिचं चुकलं काहीच नव्हतं. मिस्त्री स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले होते, काहींचं असं होतं, नाकापासून सुरुवात होते. आणि घराण्यात आहे का असंही त्यांनी विचारलं होतं. होतं. आईच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. मिस्त्रीने तेव्हा मान डोलावली आणि तो प्रश्न आत कुठेतरी खोल पुरून टाकला. तो आता वर आला होता.

त्या सकाळपासून तो चोरून स्वतःची परीक्षा घ्यायला लागला. बाकड्यावर लवंग, चहाची पूड, रबरी नळीचा तुकडा आणि साबणाची वडी ओळीने मांडायची, डोळे मिटायचे आणि एकेक नाकाशी धरायचं. सगळ्यांचे वास यायचे. पण ओळ त्यानेच लावलेली. नाक सांगतंय की डोकं, हे कसं कळणार? शिवाय आईलाही सुरुवातीला कांदा कळत होता, रॉकेल कळत होतं. गेला होता तो गुलाबच.

आणि नाकाचंच असतं तर एक वेळ ठीक होतं. बहिणीच्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा मिस्त्री तीन आठवडे तिच्याकडे राहून आला होता. जायच्या आदल्या दिवशीच त्याने गुलाबाची छाटणी केली होती. परत आला तेव्हा झाडाला नवी फूट, तांबूस पालवी, सगळं जसं असायला हवं तसं. पण हळूहळू बारीकसारीक गोष्टी जुळेनात. काटे जास्त वाटायला लागले. नऊ वर्षं ज्या झाडात तो न बघता हात घालायचा, त्याने दोनदा बोटं रक्ताळली. आधाराच्या काठीला त्याने सुतळी बांधल्याचं आठवत होतं, तिथे चिंधी होती. कापांचे डोळे बाहेर असायला हवेत, दोन आत बघत होते. आपण असा काप देऊ? बुंध्याशी माती टेकडीसारखी चढवलेली होती.

"आळं एवढं उंच कुणी केलं?" त्याने बायकोला विचारलं.

"खत घातलं मी," ती भांडी घासता घासता म्हणाली. "तुम्हीच सांगून गेला होता ना?"

त्याला असं काही सांगितल्याचं आठवत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो मनात जमा करायचा. सुतळी, काप, काटे, खत. एवढं सगळं आपण विसरलो. फूल उमललं तेव्हा तेही मान ताठ करून उभं राहिलं, वर बघत. आपलं फूल खाली बघायचं की वर, एवढंही आपल्याला नक्की सांगता येऊ नये?

शेवटी न राहवून एका सकाळी त्याने बायकोला हाक मारली. आवाज जमेल तितका सहज ठेवला. "अगं, जरा बघ गं. यंदा वास कसा आहे याचा?"

ती हात पुसत आली. फुलापाशी वाकली. वाकली ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

"येतो की," ती म्हणाली. "छान येतो. का, काय झालं?"

"काही नाही. म्हटलं, खत मानवलं का बघावं."

बायको आत गेली, आणि तो नळ सोडून हात धूत बसला, नुसताच, किती तरी वेळ.

कामावरही परिणाम झाल्याशिवाय कसा राहील. एका घरात त्याला गॅसचा वास आला, म्हणजे आला असं वाटलं. त्याने शेगडी खोलली, नळी बदलली, रेग्युलेटर बदलला, दोन तास सगळ्यांना बाहेर उभं केलं. शेवटी घरातल्या आजोबांनी ओट्याखालची टोपली ओढून काढली. तळाशी कांदे सडून पाणी झाले होते. "मिस्त्री, नाकाने कांदे सोललेत की तुम्ही," आजोबा म्हणाले, आणि अख्खं घर हसलं. मिस्त्रीही हसला. सडक्या कांद्याचा आणि गॅसचा वास जवळचाच असतो, चुकू शकतं, हे त्याला कळत होतं. पण पूर्वी चुकलं नसतं, हेही कळत होतं. घरी येताना त्याने मनाशी ठरवलं की यापुढे नाकाचं काही ऐकायचं नाही. साबण म्हणेल ते खरं.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी त्याला बाईंचा निरोप आला.

बाई म्हणजे त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने अजून धडधाकट. शाळेत मिस्त्रीला त्यांनी कधी पस्तिसाच्या वर गुण दिले नव्हते, पण शेगडी मात्र त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. त्यांचं सिलिंडर मागच्या गॅलरीत असायचं आणि तिथून तांब्याची नळी भिंतीतल्या कपाटामागून ओट्यापर्यंत यायची.

"दोन दिवस काहीतरी वाटतंय मला," बाई म्हणाल्या. "पण माझं नाक म्हातारं. तू बघ."

मिस्त्री सवयीने पालथा पडला. सरपटत कपाटापाशी आला. कपाटाच्या खालच्या फळीशी, डब्यांच्या मागे कुठेतरी, अगदी पुसट, असून नसल्यासारखं काहीतरी नाकाला लागलं. तो थांबला. पुन्हा हुंगलं. आलं, गेलं. हे आत्ता आलं, की इतक्या वर्षांत हजार वेळा आलेलं आठवतंय? त्या दिवशी कांद्याला गॅस म्हणालास. घरात गुलाबाला कागद म्हणतोस. तुझ्या नाकाचा भरवसा काय?

तो उठून बसला. साबणाचं पाणी केलं. सिलिंडरच्या तोंडाशी फेस लावला, गॅलरीतल्या सांध्याला लावला, ओट्यावरच्या नळीला लावला, शेगडीच्या दोन्ही चाव्यांना लावला. कुठेही बुडबुडा नाही. दुसऱ्यांदा लावला. नाही. पूर्वीचा मिस्त्री असता तर कपाटातले सगळे डबे खाली काढून मागची फळी उचकटली असती. आजच्याने साबणाची बाटली बंद केली.

"ठीक आहे सगळं, बाई," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुझा चेहरा का असा?"

"कुठे काय. ऊन आहे बाहेर."

"ऊन," बाई म्हणाल्या. उत्तर चुकलं की पूर्वी ज्या सुरात ते पुन्हा वाचून दाखवायच्या, त्याच सुरात.

घरी येऊन त्याने सायकल भिंतीला लावली, पिशवी काढली आणि बायकोच्या पायांशी ठेवली. ती पायरीवर शेंगा निवडत बसली होती. दुपारचे साडेतीन झाले होते.

"हे ठेवून दे कुठेतरी," तो म्हणाला. "उद्यापासून मी जाणार नाही."

"कुठे?"

"कामाला. कुठेच."

तिने सूप बाजूला ठेवलं. मिस्त्री तिच्या शेजारी बसला आणि समोरच्या झाडाकडे बघत सगळं बोलून टाकलं. आईसारखं सुरू झालंय. वास येत नाही. सुतळी बांधली की चिंधी, आठवत नाही. काप चुकायला लागलेत. खताचं सांगितलेलं आठवत नाही. आज बाईंकडे वास आला की नाही तेच कळेना, आणि अशा माणसाने लोकांच्या घरात जाऊन ठीक आहे म्हणायचं म्हणजे एखाद दिवशी कुणाचा तरी जीव जाईल. "मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "मरणाची नाही. एक दिवस मी तुला विचारीन, तुम्ही कोण म्हणून. त्याची वाटते."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उठली, पुन्हा बसली.

"त्याला वास नाहीच आहे," शेवटी ती म्हणाली.

"कशाला?"

"त्या फुलाला. नाहीच आहे वास. मी खोटं बोलले. ते आपलं झाड नाही."

मिस्त्रीने झाडावरची नजर तिच्याकडे वळवली.

"तुम्ही ताईंकडे गेलात त्या दिवशी, आठवतं? फोन आला आणि तुम्ही हातातलं काम टाकून निघालात. बर्नर सोड्याच्या पाण्यात भिजवले होतेत."

"कॉस्टिक सोड्याच्या. डब्यात. नेहमीच्या पत्र्याच्या."

"डब्याला भोक पडलं होतं. तुम्ही निळ्या बादलीत भिजवले. बर्नर काढून बाकड्यावर ठेवलेत, पाणी तसंच राहिलं. आणि मी..." ती थांबली. "ऊन उतरलं, मी बादली उचलली. निळी बादली. मी कधी आत बघते का? चार दिवसांत पानं गळली. आठवड्यात काळं ठिक्कर पडलं सगळं. मी माती काढली, पाण्यावर पाणी ओतलं, काही झालं नाही. मग रोपवाल्याकडे गेले. म्हटलं, असाच गुलाबी, असाच भरलेला द्या, एवढाच उंच. त्याने दिला. वासाचं विचारायचं मला सुचलंच नाही. काप मीच दिले, तुमचे बघून बघून. चिंधी मी बांधली. माती चढवली, बुंधा दिसू नये म्हणून."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगू?" ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "आईंचं झाड, आणि त्यात विष तुम्हीच भिजवून ठेवलेलं. जो माणूस त्या डब्याला कुणाला हात लावू देत नाही, तो निळ्या बादलीत कॉस्टिक ओततो आणि विसरून जातो. मला वाटलं, तुमचं सुरू झालं. आईंसारखं. मला वाटलं, मी बोलले तर ते खरं होईल. रोज खिडकीतून बघत होते तुमच्याकडे, आज काय विसरतात म्हणून."

मिस्त्रीला आधी काहीच कळलं नाही. मग एकेक कळायला लागलं. फूल ताठ होतं कारण ते दुसरंच फूल होतं. काटे जास्त होते कारण ते जास्तच होते. सुतळीच बांधली होती त्याने. खताचं त्याने काही सांगितलंच नव्हतं. महिनाभर ज्या ज्या गोष्टी तो विसरल्या म्हणून मोजत होता, त्या सगळ्या त्याला नीट आठवत होत्या. बादलीचं विसरला होता खरा, पण मेहुणा ऑपरेशनच्या टेबलावर असताना बादली कोण लक्षात ठेवील? त्याला हसू आलं. कोंडलेला श्वास सुटावा तसं ते हसू सुटलं, आणि त्याला बघून बायकोही रडता रडता हसायला लागली. गेल्या महिनाभरात त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

आणि मधेच मिस्त्री गप्प झाला.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"पावणेचार होत असतील. का?"

"माझं नाक ठीक आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "म्हणजे बाईंकडे वास आला तो खरा होता."

बाई चारला चहा ठेवत. शाळेत असल्यापासून चार म्हणजे चार. त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बाई दुपारी पडताना फोन टेबलाच्या खणात टाकत, हे त्याला ठाऊक होतं. पुन्हा लावला आणि वाजत असतानाच खिशात कोंबून सायकल ओढली. पिशवी पायरीवरच राहिली. बायको मागून काहीतरी ओरडली ते त्याला ऐकू आलं नाही.

त्या रस्त्याने तो तीस वर्षं ये-जा करत होता, पण तो रस्ता एवढा लांब कधीच नव्हता. कपाटाचं दार बंद, आत डबे, डब्यांमागे नळी. दोन दिवसांपासून तिथे गॅस साठत असणार. ठीक आहे सगळं, बाई. आपणच म्हणालो. शिक्का मारून आलो. वळणावर एका गाडीवाल्याने त्याला शिवी घातली. मिस्त्रीचं सगळं लक्ष पुढे, छपरांच्या वर. तिथे धूर दिसेल, आवाज होईल, काहीतरी होईल, असं त्याला प्रत्येक पायडलला वाटत होतं. चार वाजून गेले होते.

बाई घराबाहेर पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्र होतं. त्यांच्यामागे घराची सगळी दारं, सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

मिस्त्रीने सायकल टाकलीच. "चहा... चहा ठेवलात?"

"नाही ठेवला," बाई म्हणाल्या. "तुझ्यामुळे माझा चहा बुडला आज."

"म्हणजे?"

"अरे, चाळीस वर्षं मुलांचे चेहरे वाचले मी. उत्तर येत नसताना येतंय म्हणणाऱ्याचा चेहरा मला कळत नाही होय? तू ठीक आहे म्हणालास, आणि असा घाबरलेला होतास की मलाच भीती वाटली. तू गेलास तशी मी गॅलरीत जाऊन सिलिंडर बंद केलं. गुडघ्यांनी जीव घेतला माझा. मग दारं उघडून इथे बसले. म्हटलं, येईल परत. गणित चुकलं की तू घरी जाऊन रात्रभर झोपायचा नाहीस, सकाळी येऊन सांगायचास."

तो आत गेला. कपाट उघडलं, डबे एकेक करून बाहेर काढले, फरशीवर पालथा पडला आणि डोकं खालच्या फळीत घातलं. वास होता. कोंदलेला, स्पष्ट, शहाण्या माणसाला चुकूच नये असा. त्याने मागची फळी ओढून काढली. कपाट बसवणाऱ्या कुणीतरी नळी कापून तिथे एक जोड दिला होता, ज्याची बाईंनाही कल्पना नव्हती. मिस्त्रीने त्या जोडाच्या नटावर बोट टेकवलं आणि तसाच पडून राहिला. साबण पिशवीत होता, आणि पिशवी घरी.

दारात धापा ऐकू आल्या. बायको उभी होती, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात त्याची, आणि छातीशी धरलेली पिशवी. ती एवढं अंतर पळत आली होती. तिने न विचारता साबणाची बाटली काढून त्याच्या हातात दिली. गॅलरीत जाऊन, त्याने खूण केल्यावर, सिलिंडर क्षणभर उघडलं आणि बंद केलं. त्याच्या बोटाखाली फेस थरथरला आणि एक बुडबुडा फुगला, बोराएवढा.

"येतोय वास?" बायकोने विचारलं.

"येतोय," तो म्हणाला.

मग तो उठून डब्यांमध्ये फरशीवर बसला आणि रडायला लागला. आधी गप्प, मग हुंदके देऊन. बाई काठी टेकत आत आल्या.

"आता काय झालं? सापडली ना गळती?"

"आमचा गुलाब मेला, बाई," मिस्त्री म्हणाला. महिनाभर त्याला एवढी भीती होती की हे दुःख शिवायलाही जागा नव्हती. आता भीती गेली होती, आणि तिच्या जागेवर ते येऊन बसलं होतं. "आईचा. मीच मारला. आणि मला आजवर माहीतच नव्हतं."

बायको त्याच्या शेजारी फरशीवर टेकली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी काठीने कपाटाकडे दाखवलं.

"रड," त्या म्हणाल्या. "पण आधी तो नट आवळ."

मिस्त्रीने बाहीने डोळे पुसले, पाना हातात घेतला, आणि आधी नट आवळला.